रविवारचा चीट डे आणि धोंड्याचं पुरण

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नुसतं भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत वाचायचे कष्ट नकोत. वजन कमी करणाऱ्या माणसाने 'चीट डे' ठेवू नये. आणि त्याच माणसाने सणाच्या दिवशी आईने वाढलेली पुरणपोळी नाकारूही नये. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात आहेत असं वाटत असेल तर पुढे वाचा.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही (असे कोणी उरले असतील तर ते भाग्यवान), त्यांच्यासाठी थोडक्यात. सहा दिवस मोजूनमापून खायचं आणि सातव्या दिवशी वाट्टेल ते. आमच्या धंद्यात, म्हणजे दिवसाचे दहा तास खुर्चीला चिकटून की-बोर्ड बडवण्याच्या धंद्यात, हा सातवा दिवस अर्थातच रविवार असतो. शुक्रवारी संध्याकाळपासून बेत ठरायला लागतात. सकाळी मिसळ, दुपारी बिर्याणी, वर मस्तानी, रात्री पिझ्झा. सोमवारी डब्यात पुन्हा काकडी. चेहऱ्यावर प्रायश्चित्त घेतल्याचं समाधान.

चीट डेवाल्यांकडे तीन युक्तिवाद असतात. एकेक घेऊ.

पहिला युक्तिवाद: "आठवड्याचा हिशेब बघायचा असतो, एका दिवसाने काय होतंय?" चला, हिशेबच करू, ते तर आपलं काम आहे. समजा तुमची रोजची गरज २२०० कॅलरीची आहे आणि तुम्ही रोज ५०० कमी खाता. सहा दिवसांचे झाले ३०००. आता वरचा रविवार मोजा. मिसळ, बिर्याणी, मस्तानी, पिझ्झा आणि सोबतचं थंड पेय धरून ४५०० कुठेच गेले नाहीत. म्हणजे गरजेपेक्षा २३०० जास्त. आठवड्याची बाकी ७००. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. सातही दिवस नेम पाळला असता तर सव्वादोन आठवड्यांत जी चरबी गेली असती, तिला आता ११ आठवडे लागणार. त्यात रोज चहाबरोबर न मोजलेली दोन बिस्किटं धरा, की तीही बाकी जवळजवळ शून्य. सहा दिवस उपाशी राहून माणूस आहे तिथेच! वर पुन्हा "माझा मेटाबॉलिझमच स्लो आहे" ही तक्रार आहेच. मेटाबॉलिझम ठीक आहे हो, बेरीज चुकतेय.

दुसरा युक्तिवाद जरा विद्वान असतो, आणि बहुधा जिममधल्या ट्रेनरकडून आलेला असतो. "कमी खाल्लं की शरीर सावध होतं, लेप्टिन घटतं, जाळणं मंदावतं. एक दिवस भरपूर खाल्लं की शरीराला धक्का बसून इंजिन पुन्हा पेटतं." यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. लेप्टिन नावाचं संप्रेरक १९९४ साली सापडलं आणि खाणं घटलं की ते घटतं. खोट आहे ती दुसऱ्या अर्ध्यात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस प्रयोगात निरोगी स्त्रियांना तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के जास्त पिष्टमय अन्न दिलं. लेप्टिन २८ टक्क्यांनी वाढलं, मान्य. पण दिवसभरातलं जाळणं वाढलं फक्त ७ टक्क्यांनी. म्हणजे १०० रुपयांच्या जागी १४० खर्च केले आणि ७ रुपये कॅशबॅक मिळाला. ह्याला आपण बचत म्हणायची?

तिसरा युक्तिवाद मात्र खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. "सगळंच बंद केलं तर मन मरतं. आठवड्यातून एकदा मोकळीक नसेल तर डाएट टिकतच नाही."

बरोबर आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. अर्धपोटी म्हणजे रोज साधारण १५७० कॅलरी (आपल्याकडचे कित्येक डाएट चार्ट यापेक्षा कमी असतात, हे जाता जाता), आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. ही माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागली. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. आणि बंधन उठल्यावर पोट भरलं तरी खात सुटली. तेव्हा अति आवळलं की सुटणार, यात वाद नाही.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? सहा दिवस आवळणं कमी करा, हा. सातव्या दिवशी सुटा, हा नव्हे. ज्या डाएटमधून दर रविवारी पॅरोलवर सुटावं लागतं ते डाएट नाही, तुरुंग आहे. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात लठ्ठ पुरुषांच्या एका गटाने दोन आठवडे कमी खाणं, दोन आठवडे सुट्टी, अशा पाळ्या केल्या. कमी खाण्याचे आठवडे दोन्ही गटांचे सारखेच, १६. सलग करणाऱ्यांचं वजन सरासरी ९ किलोने घटलं, सुट्ट्या घेणाऱ्यांचं १४ किलोने. चीटवाले हा अभ्यास झेंड्यासारखा नाचवतात. पण त्या सुट्टीत ती माणसं जितकं जाळत होती तितकंच खात होती. वरण-भात, भाजी-पोळी, पोटभर, संपलं. त्या सुट्टीचं नाव 'विश्रांती' होतं, 'दंगल' नव्हतं. (पुढे व्यायामपटूंवर झालेल्या तशाच एका प्रयोगात चरबीत फरक पडला नाही, तेव्हा त्या १४ किलोंवरही फार नाचू नये.)

आता थोडं शब्दाबद्दल. 'चीट' म्हणजे फसवणूक. कोणाची? आपल्याकडे ह्या फसवणुकीची टिंगल आधीच करून ठेवलेली आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी. महाशिवरात्रीला आमच्या परळीला वैजनाथाच्या दर्शनाला रांगा लागतात, आणि त्या दिवशी घरोघरी साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा कूट, तूप, बटाट्याचा कीस, रताळी, राजगिऱ्याचे लाडू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. रोजच्या भाकरीपेक्षा दुप्पट कॅलरी पोटात आणि कपाळावर उपवास! आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी म्हण केली. आपल्याला कळत नाही, म्हणून आपण ॲप केलं.

आणि नियम शोधणाऱ्या माणसाला त्यात पळवाटच आधी दिसते. शेजारच्या लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन जेवणांची योजना अख्ख्या मराठवाड्यात घरोघरी पोचली. दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. त्या योजनेच्या गुणदोषांवर इथे बोलायचं नाही. पण डॉक्टर गोड कमी करा, प्रथिनं वाढवा, चाला, असंही सांगतात आणि लोकांना ऐकू काय येतं? "५५ मिनिटं काहीही चालतं!" म्हणजे रोज दोन चीट डे. नियम कुठलाही द्या, आम्ही त्यातली सुट्टी बरोबर शोधतो.

पण माझा खरा मुद्दा अजून पुढे आहे. मेजवानीचा दिवस ही कल्पना काही पाश्चात्त्यांची नाही. ती आपल्याकडे पूर्वापार आहे. मग ती तेव्हा चालत होती आणि आता का चालत नाही?

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे आदल्या पिढीतल्या कोणालाही बहात्तरचा दुष्काळ विचारा. खडी फोडायच्या कामावर मिळालेली सुकडी आणि अमेरिकेतून आलेली मिलो, म्हणजे ती लाल ज्वारी, एवढं तरी सांगतीलच. चांगल्या वर्षीही रोजचं जेवण म्हणजे भाकरी, ठेचा, कधी येसराची आमटी, कधी नुसतं पिठलं. आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. पहाटेच्या अंधारात भाकऱ्या बांधून घ्यायच्या, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. अशा शरीराला वर्षाकाठी दहा-पंधरा वेळा पुरणपोळी आणि वाटीभर तूप मिळालं, तर तो चीट डे होत नाही. तो सण होतो.

सणाला सण कोण करतं? पुरण नाही करत. त्याच्या आजूबाजूचे साडेतीनशे साधे दिवस करतात. आपल्याकडे सण वाढले नाहीत, साधे दिवस संपलेत. सोमवारी कोणाचा तरी वाढदिवस, मंगळवारी टीमचं लंच, बुधवारी रिलीज गेलं म्हणून समोसे, गुरुवारी रिलीज फसलं म्हणून पिझ्झा. तेव्हा "आठवड्यातून एक दिवस चंगळ चालेल का?" हा प्रश्नच उलटा आहे. विचारायचं असेल तर हे विचारा: आठवड्यात सहा साधे दिवस आहेत का माझ्याकडे?

हे नुसतं पोट दिसण्या-न दिसण्याचं प्रकरण नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळाचं जन्मतःचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्टनच्या बाळाचं ३.५. बाळं हडकुळी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. 'बारीक-लठ्ठ भारतीय' तो हाच. २००४ साली त्यांनी आपला आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा, जॉन युडकिनांचा, फोटो लॅन्सेटमध्ये छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना सारखाच म्हणतोय आणि आत दुप्पट फरक. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कित्येक पिढ्या कमी अन्नावर काढलेल्या आणि अचानक खुर्चीवर बसलेल्या माणसांना मधुमेह फार लवकर गाठतो. आमच्या पिढीतले कितीतरी जण घरातले पहिले खुर्चीवाले आहेत. तेव्हा दर रविवारी त्या शरीरावर साखर-मैद्याचा लोंढा सोडायचा आणि सोमवारी काट्यावर उभं राहून "फक्त एकच किलो वाढलं" म्हणायचं, हा खेळ आपल्याला परवडणारा नाही. (तो सोमवारचा एक किलो बहुतेक पाणीच असतं, बरं का. खारट खाणं पाणी धरतं आणि साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. पण त्याला घाबरून लोक सोमवारी उपाशी राहतात, आणि चक्र पुन्हा सुरू.)

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण तिकडचे लोक एव्हाना मान डोलवायला लागले असतील. तेच ते, "मी दोन वर्षांत साखरेचा कण खाल्ला नाही" वाले.

आमच्या माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठावर पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिना हा पुरुषोत्तमाचा महिना, त्यामुळे त्या महिन्यात तिथे मोठी यात्रा भरते. गोदावरीत स्नान आणि देवाला धोंड्यांचा नैवेद्य. धोंडे म्हणजे कणकेत पुरण भरून उकडलेले किंवा तळलेले उंडे. त्यावरून महिन्याचंच नाव धोंड्याचा महिना. हा महिना म्हणजे कॅलेंडरमधला एक जुना पॅच आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दर वर्षी ११ दिवसांचा फरक साठत जातो, तो साधारण ३३ महिन्यांनी एक जादा महिना घालून फेडायचा. २०२० ला अधिक आश्विन, २०२३ ला अधिक श्रावण, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. ह्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावून धोंडे खाऊ घालतात. तीन वर्षांतून एकदा!

तर २०२३ च्या धोंड्यात माझ्या ओळखीतला एक इंजिनिअर (नाव लिहीत नाही, तो हे वाचतो) सासुरवाडीला गेला. वार बुधवार. सासूबाईंनी पहाटे उठून पुरण शिजवलेलं, वाटलेलं. ताटात धोंडे आले, वर तुपाची धार. हा म्हणाला, "मी गोड खात नाही, डाएट चालू आहे." सासूबाई क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मंग भाकर टाकू का पाव्हणं? लगेच होती." आणि उठल्या. पिठाचा डबा काढला, गॅस पुन्हा पेटवला. पंगत थांबली. ह्याने आम्हाला ही गोष्ट आपल्या निग्रहाची म्हणून सांगितली. आणि आदल्या रविवारी काय खाल्लं होतं? पिझ्झा, दोन मोठे. कारण तो चीट डे होता!

माझा सगळा राग ह्या एका जागी येऊन थांबतो. खड्ड्यात गेलं लेप्टिन. ज्या पिझ्झ्याला तुम्ही कोण हे ठाऊक नाही, जो उद्याही मिळणार आहे आणि परवाही, त्याच्यासाठी हक्काचा दिवस राखीव. आणि जे तीन वर्षांतून एकदा, फक्त तुमच्यासाठी शिजलं, त्याला "आज बुधवार आहे" म्हणून नकार. चीट डे मेजवानीची वेळ आपल्या सोयीने, ऑफिसच्या सुट्टीच्या कॅलेंडरवर ठरवतो. आणि मग ज्या मेजवानीची तारीख दुसऱ्यांनी, सगळ्यांनी मिळून ठरवलीय, ती 'नियमबाह्य' होते. फसवणूक कोणाची, ह्याचं उत्तर मला इथे मिळतं.

"अरे पण आपल्याकडे सण किती असतात! त्यातच वजन वाढायचं." हा आक्षेप मी हमखास ऐकतो. मोजू या. संक्रांत, होळी, पाडवा, अक्षय तृतीया, नागपंचमी, राखी, पोळा, गौरी-गणपतीचे दोन दिवस, दसरा, दिवाळीचे तीन, चंपाषष्ठी, आणि अंबाजोगाईकडचे असाल तर वेळ अमावस्येची शेतातली भज्जी-आंबील. झाले पंधरा. प्रत्येकाला एका जेवणात १२०० कॅलरी जादा धरा. वर्षाचे १८,०००, म्हणजे सव्वादोन किलो. आता ५२ रविवार, प्रत्येकी २३०० जादा. एक लाख वीस हजारांच्या आसपास, म्हणजे साडेपंधरा किलो. शरीर इतकं सरळ गणित करत नाही हे मान्य, पण सव्वादोन आणि साडेपंधरा यातला फरक कुठल्याही गणितात दिसेलच. लग्नं मी धरली नाहीत. लग्नात जेवणाच्या रांगेत पुन्हा उभं राहायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

मग करायचं काय? माझे चार नियम आहेत, फुकट घ्या.

एक. मेजवानीची तारीख स्वतः ठरवायची नाही. तिथीने आली, कोणी बोलावलं, पंगत बसली, तर खायचं. मन लागत नाही, स्प्रिंट वाईट गेला, ही तिथी नव्हे.

दोन. उद्या बाजारात मिळणारी वस्तू मेजवानीत धरायची नाही. हिवाळ्यात शेतात भाजलेला हुरडा धरायचा, दिवाळीच्या सुमाराला आलेलं आपल्या बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ धरायचं (२०१६ पासून त्याला भौगोलिक मानांकनही आहे, उगीच नाही). ॲपवर अर्ध्या तासात येणारी बिर्याणी धरायची नाही.

तीन. सण एका पंगतीचा असतो, अख्ख्या दिवसाचा नाही. दुपारी पुरणपोळी झाली की पूर्वी रात्री कोणाला भूकच नसायची. आपणच 'चीट डे' म्हणून सकाळी सातपासून सुरू होतो. आणि आई निघताना जो डबा बांधून देते तो पुण्यात येऊन एकट्याने चार दिवस खायचा नाही. ऑफिसात उघडायचा. पाच मिनिटांत संपतो, अनुभव आहे.

चार. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त नाही. उपास नाही, दुप्पट पळणं नाही. नेहमीची भाकरी-भाजी. साधा दिवस हाच मुळी उपचार आहे.

आणि एक गंभीर तळटीप. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे नियमही नकोत आणि माझा लेखही नको. अशा माणसाने मनाने उपास केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते आणि पंगतीत बसला तर वर. किती आणि कधी, हे डॉक्टरांनाच विचारा, आणि सणाच्या आधी विचारा.

बाकीच्यांनी रविवारी वरण-भात खावा. त्याने कोणी मरत नाही. पुढच्या धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीचं बोलावणं आलं तर वार बघू नका. ताटात आलेले दोन धोंडे खा, तूपही घ्या. तिसरा वाढायला आल्या की ताटावर हात आडवा धरा आणि "लई झालं" म्हणा. तेवढा नकार कुठल्याही सासूला कळतो.